सगळे एकाच जागी कसे रडतात? रिअ‍ॅक्शन व्हिडिओ बघणाऱ्याला एका एडिटरचं उत्तर

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळजहाजाच्या सफरींची जुनी अमेरिकन मालिका बघितली होती. आता रात्री जेवणं झाली की तुम्ही दोघं यूट्यूबवर परदेशातली तरुण मंडळी तीच मालिका पहिल्यांदा बघतानाचे व्हिडिओ बघता. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या भागावर चार जणांच्या रिअ‍ॅक्शन बघितल्या आणि तुम्हाला शंका आली, की चौघंही नेमके एकाच जागी रडतात, म्हणजे हे सगळं ठरवून चाललंय का? त्यात तुमच्या मिसेस म्हणतात, "तो टीव्ही बघतोय, तुम्ही त्याला बघताय, आणि मी तुम्हाला बघतेय." आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की पुढच्या भागांसाठी आधी मूळ मालिका बघावी की थेट यांच्यासोबतच बघत जावं, आणि भाग कुठल्या क्रमाने बघावेत.

यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. ही माणसं खोटं वागतात का, ही एक. आणि वागत नसतील तर आपण नेमकं काय बघत बसलोय, ही दुसरी. पहिलीचं उत्तर लगेच देता येतं: काही जण वागतात, माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेक जण वागत नाहीत. दुसरीसाठी जरा बसून लिहावं लागेल, आणि ती कळली की पहिली आपोआप ओळखू येते.

मीही तुमच्यासारखी सोलापुरातच, अक्कलकोट रोडच्या बाजूला राहते. व्हिडिओ एडिटिंग हा पोटापाण्याचा धंदा. सुरुवात लग्नांच्या मिक्सिंगपासून झाली, आता बाहेरच्या रिअ‍ॅक्शन चॅनलांची कामं करते. त्यांची नावं सांगता येणार नाहीत, तसं ठरलेलं असतं. काम रात्रीचं, कारण तिकडची सकाळ आपल्याकडे संध्याकाळनंतर होते. शिवाय दिवसा आमच्या गल्लीत माग चालू असतात. त्या खडखडाटात हेडफोन लावला तरी एखाद्याचा दबलेला उसासा ऐकू येत नाही, आणि माझं बरंचसं काम उसासे शोधण्याचंच आहे. माझ्या हाताखालून गेल्यात त्या मुख्यतः जुन्या अमेरिकन आणि ब्रिटिश विज्ञानकथा मालिका. गाण्यांच्या किंवा ट्रेलरच्या रिअ‍ॅक्शनला यातलं सगळं लागू पडेलच असं नाही.

एकाच जागी रडणं हा खोटेपणाचा पुरावा धरू नका. ती जागा लिहिणाऱ्यांनी बांधून ठेवलेली आहे. मूळ 'स्टार ट्रेक' १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर लागायचं. एक भाग साधारण ५० मिनिटांचा. सुरुवातीला एक छोटा तुकडा, मग नावं, मग चार अंक, आणि मध्ये मध्ये जाहिराती. जाहिरात लागल्यावर प्रेक्षकाने उठून चॅनल बदलू नये म्हणून प्रत्येक अंक कुठल्यातरी टांगलेल्या प्रसंगावर सोडायचा, ही तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीची रीतच होती. त्या जाहिराती गेल्या, पण सांधे तसेच राहिलेत. एकाच भागाच्या दोन-तीन रिअ‍ॅक्शन टाइमलाइनवर (एडिटिंगच्या पडद्यावरच्या चित्र-आवाजाच्या पट्टीवर) एकाखाली एक ठेवल्या तर त्या सांध्यांपाशी सगळ्यांच्या आवाजाच्या लाटा वर उठलेल्या दिसतात. कुणी किंचाळतं, कुणी नुसतं "नो" म्हणतं, पण सेकंद जवळजवळ तोच.

उलट 'डॉक्टर हू' घ्या, काळात फिरणाऱ्या 'डॉक्टर'ची ब्रिटिश मालिका. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झालं, पहिली आवृत्ती १९८९ पर्यंत चालली. बीबीसीवर जाहिराती नाहीत. एक कथानक २५-२५ मिनिटांच्या भागांत, आठवड्याला एक भाग, त्यामुळे हिसका द्यायचा तो भागाच्या शेवटी. आज अशा एका कथेचे सहा भाग कुणी एका बैठकीत बघायला बसलं, की तिसऱ्या-चौथ्या भागात चेहरा चक्क सुकतो. डॉक्टर पकडला जातो, सुटतो, कॉरिडॉरमधून पळतो, परत पकडला जातो. एडिटर म्हणून मला तिथे कापायला भरपूर मिळतं, पण बघणारा खरा असेल तर तो कंटाळाही थोडा ठेवावा असं माझं मत आहे. क्लायंट बहुतेक वेळा ऐकत नाहीत.

आता तुमच्या त्या भागाकडे येऊ. तुम्ही तो बघितलाय, म्हणून शेवट बोलायला हरकत नाही. (ज्यांनी बघितला नसेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.) ६ एप्रिल १९६७ ला तो पहिल्यांदा लागला. जहाजावरचा डॉक्टर मॅकॉय, त्याला चुकून औषधाचा जबर डोस बसतो, तो भ्रमात काळाच्या दारातून उडी मारतो आणि इतिहास बदलतो. त्याला थांबवायला कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. तिथे ईडिथ कीलर नावाची बाई बेघरांसाठी अन्नछत्र चालवते आणि कर्क तिच्या प्रेमात पडतो. स्पॉकच्या यंत्रात तिची दोन भविष्यं दिसतात: एकात ती अपघातात जाते, दुसऱ्यात ती मोठी होऊन राष्ट्राध्यक्षांना भेटते. कुठलं खरं, ते अजून कळलेलं नसतं.

माझ्यासाठी सगळा माल इथे असतो, रडण्याच्या बराच आधी. एका मुलाने इथे ठामपणे सांगितलं, की अपघात मॅकॉय घडवणार आणि हे दोघं तिला वाचवणार. साधा, चांगला अंदाज, आणि साफ चुकलेला. स्पॉक सांगतो की तिला मरावंच लागेल, तेव्हा तो मुलगा रागावला, स्पॉकवरच. एका बाईंनी वेगळा डाव काढला: तिला सोबत भविष्यात घेऊन जा, १९३० मधून ती नाहीशी झाली म्हणजे झालंच की. पुढची दहा मिनिटं त्या हाच तोडगा निघायची वाट बघत होत्या, मधूनमधून घड्याळाकडे नजर, अजून वेळ आहे, अजून वेळ आहे. तिसरी एक मुलगी जिन्याच्या प्रसंगात गप्प झाली. ईडिथचा पाय घसरतो, कर्क तिला पटकन सावरतो, आणि स्पॉक नंतर त्याला सांगतो की ती आत्ता इथेच गेली असती. त्या मुलीने तोंडावर हात ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही. तिला तिथेच कळलं, की पुढच्या वेळी त्याला सावरायचं नाहीये. मग रस्ता, ट्रक, कर्क मॅकॉयला धरून ठेवतो, मॅकॉय ओरडतो की तू काय केलंस हे तुला कळतंय का, आणि स्पॉक म्हणतो, त्याला कळतंय. तिघंही रडले, त्याच सेकंदाला. पण पहिला हरून रडला, दुसरीचा तोडगा हुकला म्हणून तिला रडू आलं, आणि तिसरी केव्हाचीच रडायला तयार बसली होती.

तुम्ही चार व्हिडिओ बघून एकच रडणं बघितलंत, कारण तुम्ही त्या जागेची वाट बघत होतात. पुढच्या वेळी तीच चार माणसं परत लावा आणि २० मिनिटं आधीपासून ती काय बोलतात तेवढंच ऐका. माणूस अंदाजात दिसतो. अंदाज हा त्याने आयुष्यात बघितलेल्या गोष्टींतून, वाचलेल्यातून, सोसलेल्यातून येतो. शेवट सगळ्यांना सारखाच मिळतो.

खोटं ओळखायचं तेही इथूनच. ज्याने आधी बघितलंय तो एकतर अंदाजच करत नाही, नाहीतर फार बरोबर करतो. चुकीचा अंदाज मुद्दाम रचणं अवघड असतं, कारण त्यासाठी आपल्याला जे माहीत आहे ते पूर्ण विसरून दुसऱ्या दिशेने विचार करावा लागतो. चांगले नटसुद्धा तिथे लंगडतात. दुसरी खूण कानाची. खरा माणूस प्रसंग घडल्यावर दचकतो, आणि दचकून बोलायला लागला की त्याच्या बोलण्यात पुढचा संवाद बुडतो. मग तो विचारतो, "काय म्हणाला?", मागे नेतो, परत बघतो. ढोंगी माणूस कधी संवाद चुकवत नाही. महत्त्वाचं वाक्य येणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो त्याच्या आधी श्वास रोखतो आणि वाक्य संपल्यावर बोलतो. टाइमलाइनवर हे इतकं स्वच्छ दिसतं की काही वेळा मला तो रेंडर करायलाच, म्हणजे अंतिम व्हिडिओ बनवायलाच, लाज वाटते. डोळ्यांकडेही बघा. पडद्यावर जिथून धोका येणार असतो तिथे नजर आधीच जाऊन बसली असेल, तर समजायचं काय ते समजा. नवखा माणूस चुकीच्या कोपऱ्यात बघत असतो.

एक आमच्या धंद्यातली गोष्ट. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये मामाचा डोळे पुसतानाचा शॉट मुहूर्तावरून उचलून पाठवणीला लावणं हे सर्रास चालतं, मीही लावलेत, आणि कुणाचीच तक्रार नसते. रिअ‍ॅक्शनमध्येही चेहरा असा हलवता येतो. ते पकडायचं असेल तर चष्मेवाल्या रिअ‍ॅक्टरचा चष्मा बघा. काचेत पडद्याचं प्रतिबिंब असतं. 'स्टार ट्रेक'मध्ये रेड अलर्ट झाला की काचेतही लाल उघडझाप व्हायला हवी. मूळ भाग दिसतो त्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत लाल आणि चष्म्यात निळं आकाश असेल, तर तो चेहरा दुसरीकडचा आहे. अर्थात कधी कधी हे फसवायला केलेलं नसतं. कॅमेरा मध्येच बंद पडला, दोन मिनिटांचा चेहरा गेला, म्हणून एडिटरने ठिगळ लावलं, असंही होतं. प्रामाणिक चॅनलवाले अशा वेळी खाली तसं लिहितात.

थंबनेलवरून, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावरून, मात्र कुणाला जोखू नका. तो आ वासलेला चेहरा नंतर वेगळा काढलेला असतो, जवळपास सगळ्यांचाच. आणि आरडाओरडा करणारा म्हणजे खोटा, असंही नाही. काही माणसं मुळातच मोठ्याने जगतात. आपल्याकडे भागवत थिएटरला पहिल्या दिवशी पहिला शो बघितलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

'पहिल्यांदा' या शब्दातही थोडी मोकळीक ठेवा. 'द ट्वायलाइट झोन' ही १९५९ ते १९६४ या काळातली मालिका, रॉड सर्लिंगची, १५६ भागांची. तिचे काही शेवट अमेरिकेत इतक्या कार्टूनमधून आणि विनोदांमधून फिरलेत, की तिकडच्या विशीतल्या मुलाने मूळ भाग कधी बघितला नसला तरी शेवट कुठेतरी कानावर गेलेला असतो. जो सुरुवातीलाच सांगतो, "मला वाटतं यात चष्म्याचं काहीतरी आहे," तो खरा माणूस. आपल्याकडचा प्रेक्षक या बाबतीत नशीबवान म्हणायचा, आपल्या कानावर यातलं काहीच आलेलं नसतं.

कमेंटांबद्दलही ऐका. जुन्या चाहत्यांना राहवत नाही. "तिसऱ्या सीझनपर्यंत थांब, मग बोल," एवढं लिहिलं तरी घात होतो, कारण मग तो तिसऱ्या सीझनमध्ये काहीतरी होणार म्हणून बघतो. काही क्लायंटसाठी मी कमेंटा आधी वाचते आणि चाळून पुढे पाठवते. अंतराळ स्थानकावर घडणाऱ्या 'बॅबिलॉन ५' सारख्या मालिकेत तर ही चाळणी फार बारीक ठेवावी लागते. १९९४ ते १९९८ ची ही मालिका जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची एकच गोष्ट म्हणून आखली होती, ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. पहिल्या वर्षी ज्याला विदूषक समजून हसलो त्याच्याबद्दलचा अंदाज चौथ्या वर्षापर्यंत किती वेळा उलटतो, हे बघण्यातच मजा आहे. एका आगाऊ कमेंटने ती सगळी जाते. तुम्ही स्वतः कमेंट करत असाल तर कृपा करून "वाट बघ" हे दोन शब्द टाळा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आधी मूळ बघावं का. हो. माझं मत इथे पक्कं आहे, आणि त्याचं कारण कलेपेक्षा जास्त कात्रीत आहे.

यूट्यूबवर जो २०-२५ मिनिटांचा रिअ‍ॅक्शन व्हिडिओ दिसतो, त्यात मूळ भाग किती आणि कुठला दिसावा हे गोष्ट ठरवत नाही. ते कंटेंट आयडी ठरवतं. यूट्यूबची ही यंत्रणा मूळ मालिकेच्या हक्कमालकांनी दिलेल्या नमुन्याशी तुमचा आवाज आणि चित्र आपोआप ताडून बघते. जुळलं की क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, येतो. मग व्हिडिओची कमाई मालकाकडे जाते, किंवा व्हिडिओ काही देशांत किंवा सगळीकडेच दिसेनासा होतो. मालकाने रीतसर काढून टाकायला सांगितलं तर स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर नोंदलेला इशारा, आणि ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक बसले तर चॅनल जाऊ शकतं. म्हणून आम्ही चित्र कोपऱ्यात बारीक करतो, दर काही सेकंदांनी तोडतो, मध्ये चेहरा पूर्ण पडद्यावर आणतो, पार्श्वसंगीत दाबतो. संगीत पकडलं जाण्याची भीती फार असते. आणि संगीत कुठे असतं? नेमकं तिथेच, जिथे सगळे रडतात. त्यामुळे शेवटची दोन मिनिटं तुम्हाला बऱ्याचदा नुसता चेहरा दिसतो आणि तुकड्यातुकड्यांनी संवाद. ज्याने भाग बघितलाय त्याच्या डोक्यात संगीत वाजतं. ज्याने बघितला नाही त्याला एक अनोळखी माणूस नाक पुसताना दिसतो.

किती सेकंद चालतात, असं अनेक जण विचारतात. अमुक सेकंद माफ, असा नियम कुठेच नाही. अमेरिकेत 'फेअर यूज' (परवानगीशिवायचा रास्त वापर) प्रत्येक प्रकरणात वेगळं तोललं जातं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या एका फेडरल कोर्टाने एक रिअ‍ॅक्शन व्हिडिओ रास्त वापर ठरवला, कारण त्यात मूळ व्हिडिओवर सतत टीका-टिप्पणी होती. पण सगळ्याच रिअ‍ॅक्शन तशा नसतात, काही नुसत्या मिळून बघण्याच्या बैठकीच्या जवळ जातात, हेही त्याच निकालात म्हटलंय. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ आहे, त्यात समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. तुम्ही फक्त बघणारे आहात, तुम्हाला याची काळजी नको. पण जो रिअ‍ॅक्टर मध्ये थांबवून थांबवून बोलतो, तो तुम्हाला छळायला बोलत नसतो, एवढं लक्षात असू द्या. ते बोलणंच त्याचं छत्र आहे.

यावर अनेकांनी एक वाट काढलीय. पैसे देणाऱ्या सदस्यांसाठी ते न कापलेला चेहऱ्याचा व्हिडिओ ठेवतात, मूळ चित्राशिवाय, कोपऱ्यात टायमर लावून. तीन, दोन, एक म्हणतात आणि आपण आपल्याकडची प्रत त्याच क्षणी चालू करायची. वडिलांसोबत बघायला हा प्रकार मला सगळ्यात चांगला वाटतो, पण एक गोम सांगते. तुमच्याकडे जुन्या डीव्हीडी असतील तर त्या बहुधा पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीच्या असतील. 'स्टार ट्रेक' फिल्मवर, सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालं. पाल डीव्हीडी ते २५ ने पळवते, म्हणजे साधारण ४ टक्के जास्त वेगाने. पन्नास मिनिटांत दोन मिनिटांचा फरक पडतो. सुरुवातीला सगळं जुळलेलं असेल आणि शेवटी तुमचा कर्क काळाच्या दारातून परत आलेला असताना तिकडे ट्रक अजून यायचा असेल. उपाय सोपा आहे, प्रत्येक अंकाच्या सांध्याला थांबून परत जुळवून घ्यायचं. शिवाय २००६ पासून या मालिकेची नव्या कॉम्प्युटर दृश्यांची आवृत्तीही निघाली आहे, रिअ‍ॅक्टर कुठली बघतोय ते आधी तपासा. नाहीतर तो "वा, काय ग्रह दाखवलाय" म्हणेल आणि तुमच्या पडद्यावर १९६६ चा रंगवलेला गोळा फिरत असेल. वडिलांना तो गोळाच हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे.

क्रमाबद्दलही विचारलं होतंत. जसं प्रसारित झालं तसं बघा. 'द केज' हा पहिला पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायचा नमुना भाग एनबीसीने नाकारला होता, तो पूर्ण स्वरूपात टीव्हीवर आला थेट १९८८ मध्ये. पण त्यातला बराच भाग १९६६ च्या 'द मेनॅजरी' या जोडभागात वापरलाय. जे रिअ‍ॅक्टर हौसेने 'द केज'पासून सुरुवात करतात, त्यांचं 'द मेनॅजरी'ला पोचल्यावर तोंड बघा. रहस्य उलगडण्याऐवजी उजळणी चाललेली असते.

तुमच्या बायकोच्या टोमण्याला उत्तर म्हणून एक भाग सुचवते, आणि त्यानिमित्ताने शेजारच्या अक्कांची गोष्ट. 'द डेव्हिल इन द डार्क', मार्च १९६७. एका खाणवसाहतीत काहीतरी प्राणी माणसांना जाळून मारतोय. तो दिसतो तेव्हा पडद्यावर वाकळीखाली शिरून रांगणाऱ्या माणसासारखा दिसतो, आणि खरोखरच आत माणूस रांगतोय. एकूण एक रिअ‍ॅक्टर इथे हसतो. मी हसण्याचे शॉट ठेवतेच, कारण मला हवं असतं ते हसणं कधी थांबतं ते. कुणाचं स्पॉक त्या प्राण्यावर हात ठेवून वेदनेने ओरडतो तेव्हा थांबतं, कुणाचं त्याही आधी.

अक्का आयुष्यभर विड्या वळलेल्या, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी. इंग्रजीचा गंध नाही. उन्हाळ्यात लाइट गेली की आमच्याकडे इन्व्हर्टरच्या पंख्याखाली येऊन बसतात. मी हाच भाग कापत होते. त्या मागून बघत होत्या, आवाज माझ्या हेडफोनमध्ये, म्हणजे त्यांना नुसतं चित्र. प्राणी पहिल्यांदा दिसला तेव्हा त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "ती कायतर राखूलालीय बघ." मी विचारलं, ती कशावरून? तर म्हणाल्या, "पळंना झालीय की. जनावर भ्यालं तर पळतंय. ही तितंच फिरूलालीय." खाणीत सापडणारे ते गोल गोळे काय आहेत, हे मालिकेत कर्कलासुद्धा बरंच नंतर कळतं. रिअ‍ॅक्शन देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आधी सुचतं, कारण ते हा राक्षसाचा भाग म्हणून बघत असतात. अक्कांनी राक्षसाचे भाग बघितलेले नाहीत, व्यालेल्या शेळ्या बघितल्यात. गोळ्यांचा उलगडा झाला तेव्हा त्यांनी फक्त "अय्यो" म्हटलं आणि चहाचं विचारलं.

असा अंदाज ऐकायला मिळावा म्हणूनच मी या कामात टिकून आहे. पैसे लग्नात जास्त मिळतात.

तर मिसेसना रिअ‍ॅक्शन व्हिडिओ दाखवून पटवायला जाऊ नका. त्यांना थेट एक भाग दाखवा. 'द ट्वायलाइट झोन'मधला 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट', १९६० चा. २५ मिनिटांत संपतो, कृष्णधवल आहे, सबटायटल लावा. एका गल्लीवरून काहीतरी सावली सरकते आणि सगळ्यांची लाइट, फोन, गाड्या बंद पडतात. मग शेजारी एकमेकांकडे बघायला लागतात. एवढंच सांगते. सोलापूरच्या माणसाला लाइट गेल्यावर गल्लीत काय चर्चा होते हे वेगळं सांगावं लागत नाही, त्यामुळे त्यांचे अंदाज पहिल्या पाच मिनिटांत सुरू होतील. तुम्ही तो भाग आदल्या दिवशी एकट्याने बघून ठेवा. आणि त्या बघत असताना त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसू नका, विशेषतः शेवटच्या पाच मिनिटांत. तुम्ही वळून बघितलंत, की आता काहीतरी होणार हे त्यांना लगेच कळेल.